माल वाहणाऱ्या गाढवाची पाठ कशी जपावी

भांडुप, घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या वस्त्यांत टेम्पो जिथे थांबतो, तिथून वर रेती, विटा, सिमेंट बऱ्याचदा गाढवांच्याच पाठीवरून जातं. या गाढवांचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे पाठीवरची जखम. ती होऊ न देणं मालकाच्या हातात आहे, तसंच माल मागवणाऱ्याच्याही.

आधी वजन ठरवा
१९६५ च्या भारवाहू जनावरांच्या नियमांनुसार गाढवावर जास्तीत जास्त ५० किलो लादता येतात, म्हणजे सिमेंटची एक गोणी. पण अख्खी गोणी पाठीवर आडवी टाकली की भार थेट कण्यावर येतो. तोच माल दोन पोत्यांत निम्मा-निम्मा भरून दोन्ही बाजूंना सोडा. एका बाजूला पाच किलो जरी जास्त झाले, तरी चढावर ओझ्याखालची गादी सरकते आणि कातडी घासली जाते. पावसात भिजलेलं डेब्रिज त्याच पोत्यात बरंच जड भरतं, तेव्हा पोतं कमी भरा. घर बांधणाऱ्याने पैसे गोणीमागे न ठरवता खेपेमागे ठरवावेत. गोणीमागे दर असला की दोन खेपांचा माल एकाच खेपेत चढतो.

गादी अशी शिवा
गोणपाटाच्या दोन लांब पिशव्या घ्या. त्यांत कोरडा पेंढा ठासून साधारण ८ ते १० सेंटिमीटर जाडीच्या वळकट्या करा. दोन्ही वळकट्या जाड कापडाच्या पट्ट्यांनी अशा जोडा, की मध्ये तीन बोटांची मोकळी खाच राहील. कण्याची हाडं त्या खाचेत यायला हवीत, त्यांना गादीचा स्पर्शही होता कामा नये. गादी खांद्यामागून सुरू होऊन शेवटच्या बरगडीपाशी संपावी, कमरेवर जाऊ नये. पेंढा दबला की खाच बुजते, म्हणून तो वरचेवर बदला. ओली गादी तशीच चढवू नका, आलटून पालटून वापरायला दोन ठेवा.

तंगासाठी, म्हणजे गादी पोटाखालून आवळायच्या पट्ट्यासाठी, नायलॉनची दोरी नको, ती चामडीत रुतते. बाजेची रुंद नवार घ्या आणि तंग बांधल्यावर खाली दोन बोटं सपाट सरकतात का ते पाहा. उतारावर गादी पुढे येऊ नये म्हणून शेपटीखालून दोरी घेतात. तिला मऊ सुती कापड गुंडाळा, नाहीतर तिथेच चीर पडते.

गादी उतरवल्यावर पाठ वाचा
घामाने ओल्या झालेल्या पाठीवर मधेच एखादा कोरडा ठिपका दिसला, तर नेमका तिथेच दाब जास्त पडतोय. दुसऱ्या दिवशी तिथे सूज येते, मग केस जातात. त्याच दिवशी गादी दुरुस्त करा. पांढरे केस उगवलेली जागा म्हणजे जुन्या दाबाची खूण. जखम झालीच, तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात दोन सपाट चमचे मीठ घालून धुवा आणि ती भरेपर्यंत त्या पाठीवर ओझं नको. चुना, जळकं ऑइल लावू नका. त्याने मांस जळतं आणि जखम आणखी चिघळते. नाकपुड्या चिरल्याने दम वाढतो हाही खोटा समज आहे, ती निव्वळ क्रूरता आहे.

पाणी आणि विसावा
नियमांत दिवसाला नऊ तासांची कमाल मर्यादा आहे, आणि विसाव्याशिवाय सलग पाच तासांहून जास्त काम नाही. पारा ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी १२ ते ३ काम बंद ठेवायचं असतं. मुंबईत पारा त्याच्या खाली असला, तरी दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून उन्हाळ्यात ही सुट्टी रोजच द्या. कामावर दर दोन तासांनी स्वच्छ पाण्याची बादली पुढे धरा. मळकं पाणी गाढव सहसा पीत नाही. नाकपुड्या फुगवून धापा टाकत असेल, तर ओझं काढा, सावलीत न्या, अंगावर सतत पाणी ओता. ओलं गोणपाट मात्र पांघरू नका, त्याने उष्णता आत कोंडते.

खूर आणि वैरण
रोज संध्याकाळी बोथट हुकाने टाचेकडून पुढे खूर साफ करा. पावसाळ्यात काळा, घाणेरड्या वासाचा स्राव दिसला, तर उभं राहायची जागा विटा मांडून कोरडी करा. खिळा रुतलेला असेल, तर धनुर्वाताच्या लसीसाठी लगेच डॉक्टर गाठा. साधारण १५० किलोच्या गाढवाला दिवसाला अडीच ते तीन किलो कोरडी वैरण लागते. कचऱ्यावर सोडलं, तर प्लॅस्टिक पोटात जाऊन आतडं तुंबतं. गाढव दुखणं लपवतं, त्यामुळे एक दिवसही खाणं सोडलं, तर वाट न पाहता परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालयात किंवा जवळच्या पशुवैद्याकडे न्या.