पिष्टमय पदार्थ कसे निवडावेत

वजन वाढेल या धास्तीने अनेक जण बटाटा आणि भात सोडतात. पण एक ग्रॅम कर्बोदकांतून साधारण ४ कॅलरी मिळतात, एक ग्रॅम तेलातून ९. उकडलेला बटाटा जड होतो तो बहुधा त्यावर पडलेल्या लोण्याने किंवा तळणीच्या तेलाने. त्यामुळे आधी पाहायचे ते हे, की दाणा आपल्यापर्यंत किती अखंड पोहोचला आहे.

धान्याचा कोंडा आणि अंकुर काढला की फायबर, लोह आणि ब जीवनसत्त्वांचा मोठा वाटा त्यांच्याबरोबर जातो. उरलेला पिठाळ गर चटकन पचतो आणि रक्तातली साखर झपाट्याने वर नेतो. दाणा बारीक केल्यानेही तेच होते. म्हणून इन्स्टंट ओट्सपेक्षा जाड कापलेले ओट्स बरे.

पाकिटाच्या दर्शनी बाजूवर विसंबू नका. ‘मल्टिग्रेन’ याचा अर्थ धान्ये एकाहून अधिक आहेत इतकाच. ती सगळी कोंडा काढलेली असू शकतात. ब्रेडचा तपकिरी रंग कॅरॅमलचाही असतो. मागची घटकांची यादी वाचा. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, तेव्हा पहिले नाव अख्ख्या धान्याचे हवे. मग १०० ग्रॅममधल्या कर्बोदकांना फायबरने भागा. उत्तर १० किंवा कमी आले तर घ्या: ४५ ला ६ ने भागले की साडेसात, उत्तम. ५० ला अडीचने भागले की २०, पाकीट परत ठेवा. हा हिशेब ब्रेड आणि न्याहारीच्या तयार धान्यांपुरताच आहे. ब्राउन राइस त्यात बसत नाही, तरी पांढऱ्या तांदळापेक्षा तो सरसच.

या सगळ्यांत कडधान्यांना आम्ही पहिली पसंती देऊ. शिजलेल्या १०० ग्रॅम हरभऱ्यात सुमारे ७ ग्रॅम फायबर असते, तेवढ्याच पांढऱ्या भातात एक ग्रॅमही नसते. राजमा मात्र रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात किमान १० मिनिटे खळखळून उकळा आणि मगच मऊ शिजवा. कच्चा राजमा थेट स्लो कुकरमध्ये टाकला तर तेवढी उष्णता मिळत नाही, त्यातले लेक्टिन हे विषारी प्रथिन टिकते आणि उलट्या होतात.

बटाटा सालीसकट उकडा; हिरवा पडलेला किंवा कडू लागणारा टाकून द्या. भाजताना, तळताना सोनेरी रंगावर थांबा, कारण करपवाल तितके अ‍ॅक्रिलामाइड, म्हणजे कर्करोगाची शंका असलेले रसायन, वाढते.

भात किंवा बटाटा शिजवून थंड केला की थोडा स्टार्च पचायला अवघड होतो आणि साखर जरा सावकाश वाढते. फायदा लहान आहे, त्यासाठी भात बाहेर ठेवू नका. बॅसिलस सेरियस जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि त्याचे उलट्या घडवणारे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. भात पसरून तासाभरात थंड करा, फ्रिजमध्ये ठेवा, दिवसाभरात संपवा.

प्रमाण ताटाच्या पाव भागाइतके पुरे. ५० ग्रॅम कोरड्या तांदळाचा अंदाजे १५० ग्रॅम भात होतो, त्यात ४० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान २५ ग्रॅम फायबर सुचवते. तिथवर दोन-तीन आठवड्यांत हळूहळू जा आणि पाणी वाढवा, नाहीतर पोट फुगते. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर कर्बोदके कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला. औषधाचा डोस तोच राहिला तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.