शाळेत रोबोटिक्सचं किट आलंय, आता सुरुवात कुठून करायची?

पावसाळ्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही वर्गात एक प्रश्न विचारून बघा: राधानगरी धरणाचे दरवाजे कोण उघडतं? बरीच मुलं म्हणतील, "साहेब लोक." दोघंतिघं मात्र बरोबर सांगतात, "आपोआप उघडतात की, मॅडम." धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला पोचलं की स्वतःच उघडतात आणि पाणी उतरलं की मिटतात. पाणी किती आलं ते ओळखायचं, काय करायचं ते ठरवायचं आणि काहीतरी हलवायचं. रोबोटचंही काम एवढंच असतं. मी आठवीच्या वर्गात किटचं खोकं उघडण्याआधी हा प्रश्न विचारते. तुम्हीही इथूनच सुरुवात करा.

बहुतेक ठिकाणी याच्या उलट होतं. खोक्यावर चार चाकांच्या गाडीचं चित्र असतं, म्हणून पहिल्याच दिवशी गाडी जोडायला घेतात. गाडीत दोन मोटरी, मोटर ड्रायव्हर (मोटरीला पुरेसा प्रवाह देणारा छोटा बोर्ड), सेल, सेन्सर आणि प्रोग्राम हे सगळं एकाच वेळी येतं. ती हलली नाही तर दोष कुठं आहे ते ना शिक्षकाला कळतं ना मुलांना. माझ्या पहिल्या वर्षी असेच तीन तास गेले. मुलं कंटाळली आणि खोकं दिवाळीपर्यंत कपाटात राहिलं. तेव्हापासून गाडी मी शेवटी ठेवते.

कोणतं किट?

पाचवी ते सातवीसाठी मायक्रोबिट हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड चांगला. ब्रिटनमध्ये २०१६ साली तो अकरा-बारा वर्षांच्या मुलांना शाळांमधून फुकट वाटला गेला, म्हणजे मुळात याच वयासाठी बनलेला आहे. त्याच्यावर २५ लहान दिवे, दोन बटणं, तापमान आणि हालचाल ओळखण्याची सोय आधीच असते. एकही वायर न जोडता पहिला प्रोग्राम चालतो. मेककोड या वेबसाइटवर प्रोग्रामचे ठोकळे जोडायचे, तयार झालेली फाइल पेन ड्राइव्हवर टाकतो तशी बोर्डावर टाकायची, झालं.

आठवीपासून पुढं आर्डुइनो उनो हा बोर्ड घ्या. तो ५ व्होल्टवर चालतो, त्याला वायरी जोडायला १४ डिजिटल आणि ६ अ‍ॅनालॉग पिना आहेत आणि त्याचे सुटे भाग सहज मिळतात. एखादी मोटर जळली किंवा सेन्सर तुटला तर तेवढाच भाग बदलता येतो. प्लॅस्टिकचे ठरलेले तुकडे एकमेकांत बसवायचे महागडे संच दिसायला देखणे असतात, पण एक तुकडा हरवला की संच अडून बसतो. लेगो कंपनीनं अशा संचांची माइंडस्टॉर्म्स ही मालिका २०२२ अखेर बंदच केली. शाळेचे पैसे मोजके असतात, म्हणून सुटे भाग बदलता येतील असंच किट घ्या, असं मी आग्रहानं सांगेन.

जवळच्या एखाद्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर मुख्याध्यापकांमार्फत परवानगी काढा आणि अर्धा दिवस तिथं बसून या. केंद्र सरकारची ही योजना २०१६ पासून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी आहे. विकत घेण्याआधी वस्तू हाताळायला मिळते, ते महत्त्वाचं.

आधी तुम्ही स्वतः

मुलांसमोर जाण्याआधी एक आठवडा किट घरी न्या. किट अजून आलेलं नसेल तर टिंकरकॅड या वेबसाइटवर संगणकाच्या पडद्यावरच आर्डुइनो, ब्रेडबोर्ड (वायरी खोचायची छिद्रांची पाटी) आणि एलईडी (छोटा दिवा) जोडून बघता येतात. तिथं काही जळत नाही.

पहिलं काम म्हणजे एक एलईडी लुकलुकवणं. एलईडीचा लांब पाय धन बाजूला जोडायचा आणि मध्ये प्रवाह कमी करणारा २२० ओहमचा रेझिस्टर घालायचा. एवढ्याशा कामात दोन अडचणी हमखास येतात. संगणकाला बोर्ड दिसतच नाही, ही पहिली. अशा वेळी आधी केबल बदला. बऱ्याच मोबाइलच्या केबली फक्त चार्जिंगपुरत्या असतात, त्यांतून माहिती जात नाही. तरी दिसला नाही तर बोर्डावरची चिप बघा. स्वस्त उनोवर बहुधा सीएच-३४० असते आणि तिचा ड्रायव्हर (ती चिप संगणकाला ओळखता यावी म्हणूनचं छोटं सॉफ्टवेअर) वेगळा टाकावा लागतो. दुसरी अडचण शाळेतल्या इंटरनेटची. ऐन तासाला ते जातं. म्हणून आर्डुइनोचं सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर ठेवा आणि लॅबमधल्या प्रत्येक संगणकावर आदल्या दिवशी टाकून, चालवून बघा.

पहिला तास: पंचगंगेचं पिंप

आता ते राधानगरीचं बोलणं पुढं न्यायचं. कोल्हापूरच्या मुलांना पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी पाठ असते. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ चा पूर अनेकांच्या घरात शिरलेला आहे. हा आकडा त्यांच्यासाठी पुस्तकातला नाही. म्हणून पहिला उपकरण-प्रकल्प पुराच्या इशाऱ्याचाच करा.

पन्नास सेंटिमीटरपेक्षा थोडं जास्त खोल आणि तोंडाला रुंद असं एक पिंप घ्या. एक फूट म्हणजे एक सेंटिमीटर असं प्रमाण धरा. पिंपावर आडवी पट्टी टाकून तिच्यावर अल्ट्रासॉनिक सेन्सर खाली तोंड करून बसवा. त्याचं नाव एचसी-एसआर०४. तो तळापासून बरोबर ५० सेंटिमीटरवर यायला हवा. त्याच्यावर पाणी उडणार नाही एवढी काळजी घ्या. चार वायरी जोडायच्या: सेन्सरची व्हीसीसी पिन आर्डुइनोच्या ५ व्होल्टला, ग्राउंड (म्हणजे ऋण बाजू) ग्राउंडला, ट्रिग ९ नंबरच्या पिनेला, एको १० नंबरला. आवाज करणारा बझर ८ नंबरला. सेन्सरचा एको ५ व्होल्टचा आणि मायक्रोबिट ३ व्होल्टचा, म्हणून हा सेन्सर मायक्रोबिटला थेट जोडू नका.

सेन्सर काय करतो ते फळ्यावर सविस्तर सांगा, इथं घाई करू नका. तो माणसाला ऐकू न येणारा, ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो आणि पाण्यावरून परत येणाऱ्या प्रतिध्वनीची वेळ मोजतो. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. जाऊन-येऊन एका सेंटिमीटरला साधारण ५८ मायक्रोसेकंद लागतात. ११६० मायक्रोसेकंद आले तर अंतर किती? मुलं वहीत भागाकार करतात आणि २० सेंटिमीटर म्हणतात. मग फूटपट्टीनं मोजून बघायचं. पाठ्यपुस्तकातला प्रतिध्वनीचा धडा इथं जिवंत होतो, म्हणून मी तो धडा आणि हा तास एकाच आठवड्यात ठेवते.

पुढचं गणित मुलांना करू द्या. सेन्सर वरून मोजतो, तर पाण्याची पातळी कशी काढायची? पन्नासातून अंतर वजा. पातळी ३९ झाली की अंतर ११, पातळी ४३ झाली की अंतर ७. म्हणजे अंतर ११ किंवा कमी असेल तर बझर थांबत-थांबत वाजवायचा, ७ किंवा कमी असेल तर सलग. प्रोग्राममधली "जर… तर…" ही गोष्ट मुलं इथं शिकतात आणि विसरत नाहीत.

मग एकीनं तांब्यातांब्यानं पाणी ओतायचं. पहिल्यांदा बझर वेडावाकडा वाजतो. पाणी हलत असतं, आकडे ११, १२, ११, १० असे नाचत राहतात. आता उत्तर सांगू नका. माझ्या वर्गात एकजण म्हणाला, "पाच येळा मोजून सरासरी काढूया की!" बरोबर आहे. दुसरा उपाय असा: वाजायला लागायची पातळी आणि थांबायची पातळी वेगळी ठेवायची. अंतर ११ झालं की सुरू, १३ च्या वर गेल्यावरच बंद. घरातलं फ्रिज असंच चालतं, सारखं चालू-बंद होत नाही. ही अडचण सोडवण्यात अख्खा एक तास गेला तरी चालेल. मुलं सगळ्यात जास्त इथंच शिकतात.

चाळीस मुलं आणि पाच किट

एका किटला चार मुलं, त्याहून जास्त नकोत. बाकीच्यांना त्या वेळी कागदावर प्रोग्राम लिहायला द्या आणि पुढच्या तासाला अदलाबदल करा. गटात कामं ठरवून द्या: एक वायर जोडेल, एक संगणकावर बसेल, एक तपासेल, एक वहीत नोंद ठेवेल. दर दहा मिनिटांनी घंटी वाजवून कामं फिरवा. हे केलं नाही तर संगणक एकाच मुलाच्या हातात राहतो आणि मुली नोंदवहीत अडकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ३५ मिनिटांत काही होत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा जोडतास मागून घ्या.

नोंदवहीत तीनच गोष्टी लिहायच्या. काय होईल असं वाटलं, काय झालं, आपण काय बदललं. गुण या वहीला द्या. गाडी चालली की नाही याला देऊ नका.

मोटर लावताना

आर्डुइनोच्या पिनेला मोटर थेट जोडू नका. एका पिनेतून २० मिलिअँपिअरच्या आसपासच प्रवाह घ्यावा, आणि गाडीच्या चाकाच्या पिवळ्या बीओ मोटरला त्याच्या कितीतरी पट लागतो. म्हणून मध्ये मोटर ड्रायव्हर हवा, एल२९८एन किंवा एल२९३डी. मोटरींना सेल वेगळे द्या, पण सेलांचं ग्राउंड आणि आर्डुइनोचं ग्राउंड एकमेकांना जोडलेलं असलंच पाहिजे. ते विसरलं की सगळं बरोबर दिसतं आणि काहीच हलत नाही.

चौकोनी ९ व्होल्टचा सेल मोटरींसाठी घेऊ नका. मोटर सुरू होताना त्याचा व्होल्टेज एकदम पडतो आणि बोर्ड पुन्हा-पुन्हा नव्यानं सुरू होतो. मुलांना वाटतं प्रोग्राम चुकला. साधे पेन्सिल सेल, चार नाही तर सहा, बरे पडतात. लिथियम सेल वर्गात पहिल्या वर्षी नकोतच. आणि रिले (बोर्डावरून चालू-बंद करता येणारा स्विच) लावून घरातला २३० व्होल्टचा दिवा लावून दाखवायचा मोह होतो, तो टाळा. मुलांच्या हातात फक्त सेलावरचं काम द्या.

गाडीचं चाक उलटं फिरत असेल तर प्रोग्राम शोधत बसू नका, त्या मोटरीच्या दोन वायरींची अदलाबदल करा. रेषेवरून जाणारी गाडी करायची असेल तर पांढऱ्या चार्ट पेपरवर काळी इन्सुलेशन टेप लावा. काळा रंग इन्फ्रारेड प्रकाश शोषतो, पांढरा परतवतो, त्यावरून गाडीखालच्या इन्फ्रारेड सेन्सरला रेष कळते. खिडकीतलं ऊन पडलं तर सेन्सर गोंधळतो. पडदा ओढा आणि सेन्सरवरचा छोटा स्क्रू फिरवून नीट करा.

गाडीचं खालचं फळकूट विकत घ्यायची गरज नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात वर्कशॉप असलेला एखादा पालक वर्गात निघतोच, त्याच्याकडे पत्र्याचा नाही तर अ‍ॅक्रिलिकचा उरलेला तुकडा मिळतो. अशा पालकाला एक तास वर्गात बोलवा. मोटर वायंडिंग करणाऱ्या एका पालकांनी जळालेल्या पंपाची मोटर उघडून दाखवली, तेव्हा मुलांना तांब्याची तार का तापते ते कळलं. मला ते इतकं नीट सांगता आलं नसतं.

आवराआवर

प्रत्येक किटच्या डब्याच्या झाकणाला आतून यादी चिकटवा: बोर्ड १, सेन्सर २, जंपर वायर ३०, असं. तास संपायच्या सात मिनिटं आधी थांबायचं, गटानं मोजायचं, यादीवर सही करायची, मग डबा कपाटात. तुटलेल्या वायरींसाठी वेगळी पिशवी ठेवा, नाही तर त्या चांगल्यांत मिसळतात आणि पुढच्या तासाला कुणाचा तरी प्रोग्राम उगाच चुकीचा ठरतो. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी सगळे सेल काढून ठेवा. आत राहिले तर जूनपर्यंत पाझरून संपर्काच्या पट्ट्या खाऊन टाकतात.