उपयोगिता आणि मागणीच्या धड्यांत मार्क कुठे जातात? या चुका टाळा

सराव पेपर तपासताना एक वाक्य मला दर वर्षी भेटतं: "चौथी भाकरी खाल्ली की एकूण उपयोगिता कमी होते." सिद्धांत पाठ असतो, व्याख्या शब्दन्‌शब्द बरोबर असते, आणि आकृतीखाली हे वाक्य. सोलापुरात बारावीच्या आणि एफवायच्या मुलांना शिकवते, म्हणून खात्रीनं सांगते: चूक एकाच शब्दाची आहे, पण तो शब्द निसटला की पुढचे दोन-तीन धडे निसटतात. घटते ती सीमान्त उपयोगिता, म्हणजे आणखी एका नगातून मिळणारं समाधान; सिद्धांताचं नावच 'घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धांत' आहे. एकूण नव्हे.

भाकरीचंच घेऊ. तव्यावरची गरम भाकरी, सोबत शेंगाचटणी आणि दही. भुकेल्या माणसाला पहिल्या भाकरीतून 20 एकक समाधान मिळालं, दुसरीतून 16, तिसरीतून 10, चौथीतून 4, पाचवीतून शून्य, आणि आग्रहाखातर घेतलेल्या सहावीतून उणे 3. ही झाली सीमान्त उपयोगिता. आता बेरीज करत जा: 20, 36, 46, 50, 50, 47. चौथ्या भाकरीला सीमान्त 10 वरून 4 वर उतरली, तरी एकूण 46 वरून 50 वर चढलीच. वाढीचा वेग मंदावला, वाढ थांबली नाही. एकूण उपयोगिता खरोखर घटते ती सहाव्या भाकरीला, कारण तिथे सीमान्त उणे झाली.

तक्ता चुकलाय का हे पाहायचं असेल तर सीमान्तच्या रकान्याची वरून त्या ओळीपर्यंत बेरीज करा. ती शेजारच्या एकूणशी जुळलीच पाहिजे. आकृती काढताना जिथे सीमान्त वक्र क्ष-अक्षाला टेकतो, त्याच नगावर एकूण वक्र सर्वांत उंच दिसायला हवा.

अपवाद नसलेले अपवाद

"दुपारी पोट भरलं, तरी रात्री भाकरी पुन्हा गोड लागते, म्हणून सिद्धांत चुकला," असं मुलं लिहितात. मधे सहा तास गेले, म्हणजे नग लागोपाठ घेतले जातात हे सातत्याचं गृहीतक मोडलं. अर्धी भाकरी हा एक नग धरला तर दुसरा अर्धा पहिल्याहून हवाहवासा वाटू शकतो. तिथे नगाचं माप योग्य नाही. अपवाद लिहिण्याआधी गृहीतकांची यादी काढा आणि त्यातलं कुठलं मोडलं ते तपासा. बहुतेक वेळा एखादं मोडलेलं सापडतं.

पाणी स्वस्त, हिरा महाग

हा प्रश्न ॲडम स्मिथनं 1776 मध्ये मांडला. पाण्यावाचून जगता येत नाही, हिऱ्यावाचून येतं, मग किंमत उलटी का? मुलं उत्तर देतात: "पाणी मुबलक आहे म्हणून." मुबलक? ज्या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येणार यावर घरातलं धुणं-भांडी ठरतात, तिथल्या मुलानं हे लिहावं याचं मला वाईट वाटतं. त्याच्या घरातच याहून चांगलं उत्तर आहे.

पाणी आलेल्या दिवशी घरातली पिंपं, हंडे, कळशा सगळं भरतं. शेवटचा हंडा अंगणात ओतला तरी कुणी बोलत नाही. पुढची पाळी लांबली की तळाशी उरलेला एक हंडा फक्त पिण्याला आणि स्वयंपाकाला. पाणी तेच, घर तेच. बदलली ती हाताशी असलेल्या शेवटच्या हंड्याची किंमत. पहिल्या दिवशी ज्या हंड्यासाठी कुणी रुपया दिला नसता, त्याच हंड्याच्या काळजीनं आता शेजारी मिळून टँकर मागवतात. किंमत एकूण उपयोगितेवरून ठरत नाही, आणखी एका नगाच्या उपयोगितेवरून ठरते. जेव्हन्स आणि मेंगर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी हे 1871 मध्ये स्वतंत्रपणे मांडलं. 'मुबलक' हा शब्द वापरायचाच असेल तर पुढे लिहा: मुबलक असल्यामुळे सीमान्त उपयोगिता कमी. एवढ्या जोडणीनं उत्तर पूर्ण होतं.

गड्ड्यावरचे 120 रुपये

सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या यात्रेत, म्हणजे गड्ड्यावर, होम मैदानात तुम्ही 120 रुपये घेऊन गेलात. भज्यांची प्लेट 20 रुपये, पाळण्याची फेरी 40 रुपये, आकडे हिशेबापुरते. भज्यांची सीमान्त उपयोगिता अनुक्रमे 60, 40, 30, 20. पाळण्याची 100, 80, 70. पैसे कसे खर्च कराल?

वर्गातले निम्मे हात एकच उत्तर घेऊन वर येतात: तीन फेऱ्या, कारण 100, 80 आणि 70 हे सर्वांत मोठे आकडे. एकूण 250. इथे किंमत विसरली गेली. प्रत्येक आकड्याला किमतीनं भागा. भजी: 3, 2, 1.5, 1. पाळणा: 2.5, 2, 1.75. रुपयामागे जिथे जास्त मिळतं तिथे आधी खर्च करत गेलात तर दोन प्लेट आणि दोन फेऱ्या होतात, बरोबर 120 रुपयांत. एकूण 280. दोन्हीकडे शेवटच्या रुपयाला 2 मिळताहेत, तोच समतोल. सीमान्त उपयोगिता समान नको, सीमान्त उपयोगिता भागिले किंमत समान हवी. उत्तर लिहून झाल्यावर खर्चाची बेरीज उत्पन्नाएवढी येते का, हे पाहिल्याशिवाय पान उलटू नका.

शब्दांच्या गल्लती

उपयोगिता म्हणजे उपयुक्तता नव्हे. विडी अपायकारक आहे, पण ओढणाऱ्याची गरज ती भागवते, म्हणून अर्थशास्त्राच्या भाषेत तिला उपयोगिता आहे. निकृष्ट वस्तू म्हणजे वाईट मालही नव्हे. उत्पन्न वाढल्यावर जिची मागणी घटते ती निकृष्ट. ज्वारीचं उदाहरण देताना तर जपूनच द्या, आपल्याकडे ती बंगल्यातही तितक्याच आवडीनं खातात. प्रत्येक गिफेन वस्तू (किंमत वाढली की जिची मागणीही वाढते ती) निकृष्ट असते, पण प्रत्येक निकृष्ट वस्तू गिफेन नसते. आणि संधी खर्च म्हणजे सोडलेल्या सगळ्या पर्यायांची बेरीज नव्हे. सुट्टीच्या दिवशी शिकवणीतून 300 किंवा दुकानात बसून 400 मिळाले असते आणि तुम्ही अभ्यास केलात, तर संधी खर्च 400 आहे, 700 नाही.

चादरीचा वक्र कधी हलतो?

सर्वांत जास्त मार्क इथे जातात. चादर स्वस्त झाली, लोकांनी जास्त घेतल्या: हा मागणीचा विस्तार. मागणीचा वक्र, म्हणजे कुठल्या किमतीला किती खपेल ते दाखवणारी रेषा, जागचा हलत नाही, आपण त्याच वक्रावर खाली सरकतो, कारण किंमत अक्षावरच आहे. थंडी वाढली आणि त्याच किमतीला जास्त चादरी खपल्या: ही मागणीतील वृद्धी, वक्र उजवीकडे सरकतो. प्रश्नात बदललेली गोष्ट शोधा. ती चादरीची स्वतःची किंमत असेल तर वक्राला हात लावायचा नाही.

आता सूत महागलं. "म्हणून चादरीची मागणी घटली," असं लिहून मुलं मागणीचा वक्र डावीकडे नेतात. सूत ही कारखानदाराची अडचण आहे, गिऱ्हाइकाची नव्हे. पुरवठ्याचा वक्र डावीकडे जातो, त्यामुळे चादर महागते, आणि गिऱ्हाईक आपल्या जुन्याच मागणी वक्रावर वर सरकतं. हा मागणीचा संकोच; ऱ्हास, म्हणजे मागणीचा वक्रच डावीकडे सरकणं, नव्हे.

मी मुलांना शेवटी हे करायला देते: सूतही महागलं आणि थंडीही कडाक्याची पडली. दोन्ही वक्र हलवा. किंमत नक्की वाढते, कारण दोन्ही बदल तिला वरच ढकलतात. चादरी किती खपतील? थंडी आकडा वाढवते, सूत कमी करतं. कुठला वक्र किती सरकला हे प्रश्नात दिलेलं नाही. तिथे आकृतीवरून अंदाज बांधू नका. "निश्चित सांगता येत नाही" असं लिहा आणि खाली कारण द्या. पूर्ण मार्क त्यालाच आहेत.