बुजऱ्या घोड्याला जमिनीवरून शिकवताना

अकलूजच्या बाजारातून आणलेले तरुण जनावर आठ-पंधरा दिवसांतच सोलापुरातल्या वरातीत उभे करण्याची घाई अनेकांना असते, आणि मग ते ताशा वाजताच दोन पायांवर उभे राहिले की दोष घोड्याला दिला जातो. वास्तविक घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते. फक्त कपाळाच्या अगदी समोरचा आणि शेपटीमागचा थोडा भाग दिसत नाही. म्हणून त्याच्याकडे नेहमी खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जावे.

जमिनीवरून, म्हणजे पाठीवर न बसता, शिकवण्यास आरंभ करण्यापूर्वी दात, खूर आणि पाठ पशुवैद्याकडून तपासून घ्यावी, कारण दुखणाऱ्या जनावराचे लक्ष दुखण्यातच असते. साहित्य थोडकेच लागते: नीट बसणारी म्होरकी (तोंडावर बांधायची दोरी), दहा-बारा फुटांचा जाड सुती दोर आणि पायांत बंद बूट. दोर हाताला कधीही गुंडाळू नये. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो, तेव्हा सूर्य वर येण्याआधी पंधरा-वीस मिनिटांचाच धडा घ्यावा. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात पाय घसरतो, त्यामुळे मुरमाड जागा निवडावी.

पहिला धडा मान खाली घेण्याचा. दोन कानांच्या मागे बोटांनी हलका दाब द्यावा आणि मान बोटभर जरी खाली आली तरी त्याच क्षणी हात उचलावा. घोडा शिकतो तो दाबामुळे नव्हे, तर दाब सुटण्यामुळे. दाब सोडण्यास दोन-तीन क्षणांचा उशीर झाला, तर मधल्या काळात त्याने केलेली भलतीच हालचाल त्याच्या मनात पक्की बसते. या सगळ्या कामात सर्वाधिक चुका इथेच होतात, आणि त्या माणसाच्या असतात. पुढे याच रीतीने एक पाऊल मागे घेणे आणि पुठ्ठा, म्हणजे अंगाचा मागचा भाग, बाजूला सारणे शिकवावे. डाव्या बाजूने शिकवलेले उजवीकडून पुन्हा शिकवावे लागते, कारण एका बाजूने ओळखीची झालेली वस्तू दुसऱ्या बाजूने दिसली की अनेक घोडे नव्याने बिचकतात.

लक्ष उडाले की म्होरकी हिसकू नये. कान तिसरीकडे वळलेले दिसताच एखादे छोटे काम सांगावे, एक पाऊल मागे घ्यायला लावावे, आणि एक कान जरी आपल्याकडे फिरला तरी दोर सैल सोडावा. पुष्कळ जण घोडा दमेपर्यंत कावा देतात, म्हणजे लांब दोरावर त्याला गोल फिरवतात. मला ते पटत नाही. त्याने दमसास वाढतो, डोके मात्र तापलेलेच राहते. कावा चालीनेच द्यावा आणि सारखी दिशा बदलावी.

भीतीची वस्तू लपवून उपयोग नाही, अंतर मोजून दाखवावी. सोलापूरच्या पूर्व भागातील यंत्रमागांची खडखड त्यासाठी उत्तम, कारण ती एकसुरी असते. जिथे घोडा आवाज ऐकतो पण अजून कडबा खातो, तिथून आरंभ करावा, आणि चरणे थांबले, नाकपुड्या फुलल्या की दहा पावले मागे यावे. अंगावर टाकण्यासाठी घडी घातलेली सोलापुरी चादर आधी वापरावी. ती जड असल्याने फडफडत नाही. प्लॅस्टिकची पिशवी त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आणावी.

बँडची सवयही अशीच, दूरच्या मैदानातून. पहिल्या वरातीला त्याच्या पाठीवर नवरदेव नसावा. त्याला एका मुरलेल्या घोड्यामागे मोकळ्या दोराने चालवत न्यावे, आणि तो शांत असतानाच, वरात मांडवाशी पोहोचण्याची वाट न पाहता, घरी परत आणावे.