गुडघ्याच्या हाडात सूज: आधी कारण शोधा, मग भार उतरवा

एमआरआयच्या रिपोर्टात 'बोन मॅरो एडिमा' वाचलं की घरचे धास्तावतात. हे आजाराचं नाव नव्हे. हाड आतून दुखावलंय एवढीच ती खूण, कशानं ते शोधावं लागतं.

ही सूज एक्स-रेत दिसत नाही. तरी उभं राहून काढलेला एक्स-रे आधी हवाच, झीज त्यातच कळते. तो साफ असून टेकलं की कळ येत असेल, तर एमआरआय. खानापूर, निपाणीहून बेळगावला जाताना जुने एक्स-रे न्या, फिल्मबरोबर सीडी मागून घ्या. मग डॉक्टरांना नेमकं विचारा: गादीचं (मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातल्या हाडांमधली चकती) मूळ, म्हणजे ती हाडाला जिथं चिकटते ती जागा, फाटलंय का? कूर्चेखाली, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या मऊ थराखाली, हाडात बारीक तडा आहे का? पन्नाशीतली बाई भांगलणीला उकिडवी बसली, उठताना खट्‌ झालं आणि तेव्हापासून कळ आहे, तर गादीच्या मुळाचा संशय धरावाच.

तडा किंवा मुका मार असेल, तर पायावरचा भार उतरवणं हाच मुख्य उपचार, बहुधा 6 ते 12 आठवडे. काठी दुखऱ्या बाजूला धरतात, तिथंच चुकतं. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात, आणि उजव्या पायाबरोबरच पुढं टाकायची. हात सैल सोडल्यावर काठीची मूठ मनगटाशी यावी, टोकाला रबर असावं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. मांडी घालणं, उकिडवं बसणं बंद. संडासात कमोडची खुर्ची ठेवा. मांडीचा स्नायू सुकू नये म्हणून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून 5 सेकंद दाबा, असं 10 वेळा, दिवसातून दोनदा.

दुखणं दाबणारी गोळी घेऊन शेतात जाऊ नका. कळ थांबते, तडा वाढतो. तडा असताना गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शनही टाळावं.

व्हिटॅमिन डी तपासा. रक्तात दर मिलिलिटरला 20 नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टर बहुधा 60,000 युनिटची गोळी आठवड्याला एक, 8 आठवडे देतात. ती रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम चढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

ताप, रात्री झोपमोड करणारी कळ, वजन घटणं, किंवा पूर्वी स्टिरॉइड वा दारूचा बराच वापर असेल, तर थांबू नका: जंतुसंसर्ग, गाठ, हाडाचा रक्तपुरवठा तुटणं हे आधी तपासावं लागतं.

सौंदत्तीचा डोंगर किंवा पायी वारी लगेच नको. काठीशिवाय सपाट रस्त्यावर अर्धा तास कळ न येता चालता आलं, की मग चढाचं बघा.