कॉफी तोडायच्या आधी वाळवणीची जागा मोजा

चिकमगळूरच्या डोंगरात अराबिका जातीच्या कॉफीची तोडणी साधारण नोव्हेंबरात सुरू होते. दोन-तीन एकरांच्या मळ्याने ऑक्टोबरातच तयारी उरकावी, आणि तीही उलट्या टोकाने, वाळवणीपासून. दिवसाला ३०० किलो पिकलं फळ उतरलं, तर साल काढून धुतल्यावर सुमारे १३० किलो ओली कॉफी उरते. जाळीच्या उंच बाजांवर दोन-अडीच सेंटिमीटर थर दिला, तर तिला १० चौरस मीटर जागा लागते. वाळायला नऊ-दहा दिवस लागतात; म्हणजे रोज तोडायचं असेल तर ९० ते १०० चौरस मीटर हवेत. तेवढी जागा नसेल तर एक दिवसाआड तोडा, पण थर जाड करू नका. खालचा माल दमट राहतो, बुरशी धरते आणि तो वास भाजल्यावरही जात नाही. रात्रीच्या दवासाठी ताडपत्री लागेल. ओलावा मोजायचं यंत्र आधीच तपासून घ्या; १०-११ टक्क्यांवर माल पोत्यात भरायचा. पोती मिरी, खत आणि डिझेलपासून लांब, लाकडी फळ्यांवर ठेवा.

पल्पर, म्हणजे फळाची साल काढायचं यंत्र, उघडून फटींत अडकलेले गेल्या हंगामाचे दाणे काढा. मग पाच किलो फळ घालून बघा. दाणे चिरले तर फट अरुंद आहे, सालं मागे राहिली तर रुंद. फळाचा आकार दर फेरीला बदलतो, म्हणून हे पुन्हा बघावंच लागतं. साल काढलेले दाणे टाकीत आंबवायला १८ ते ३६ तास लागतात, थंडीत जास्त. घड्याळापेक्षा हातावर भरवसा ठेवा: मूठभर दाणे धुऊन चोळले की खड्यांसारखे करकरायला हवेत.

धुण्याचं पाणी आंबट असतं. ओढ्यापासून दूर खड्डा खणा आणि चुन्याची सोय करून ठेवा. सालं शेणासोबत कुजवूनच झाडांना द्या.

मजुरी शक्यतो रोजावर ठरवा. किलोवर दिली की फांदी ओरबाडली जाते आणि हिरवी फळंही टोपलीत येतात. झाडाखाली चटई हवीच, कारण गळालेल्या फळांत बेरी बोरर हा फळ पोखरणारा किडा तग धरतो.

पांढऱ्या खोडकिड्याचे भुंगे ऑक्टोबर ते डिसेंबरात उडतात. त्याआधी खोडांची सुटी साल काथ्याने घासून काढा, पोखरलेली झाडं उपटून जाळा. सावलीची झाडं मात्र आत्ता छाटू नका. उन्हात उघडं पडलेलं खोड या किड्याला जास्त आवडतं.