मोबाइल क्लाउड सुरक्षेत यायचंय? आधी फोनवर विश्वास ठेवणं सोडा

या क्षेत्रात येणारे बहुतेक जण आधी एन्क्रिप्शनच्या, म्हणजे किल्लीशिवाय डेटा वाचताच येऊ नये असा करण्याच्या, मागे लागतात. ते शिकायलाच हवं. पण २०१८ साली आलेला टीएलएस १.३, म्हणजे फोन आणि सर्व्हरमधलं बोलणं एन्क्रिप्ट करणारा प्रोटोकॉल, जाणकारांनी जाहीरपणे तपासून तपासून पक्का केला आहे. अ‍ॅपची सुरक्षा तपासताना मला सापडणाऱ्या त्रुटी क्वचितच तिथे असतात. त्या असतात एका साध्या प्रश्नापाशी: मागणारा कोण, आणि हा डेटा त्याला द्यायचा का?

शिकायला स्वतःचंच छोटं अ‍ॅप घ्या. लॉगिन आणि क्लाउडवर थोड्या नोंदी, एवढं पुरे. त्याची एपीके, म्हणजे अँड्रॉइडवर इन्स्टॉल करायची फाइल, जॅडएक्स या कोड उलगडून दाखवणाऱ्या साधनात उघडा. कोड बराचसा वाचता येतो आणि त्यात लिहिलेली गुप्त किल्ली सरळ समोर दिसते. फोन वापरणाऱ्याच्या हातात असतो, म्हणून अ‍ॅपमध्ये लपवलेलं काहीही गुपित राहत नाही.

मग मिटमप्रॉक्सी हे मध्ये बसून संदेश दाखवणारं साधन लावून अ‍ॅप आणि सर्व्हरमधलं बोलणं पाहा. इथे नवे लोक हमखास अडकतात. त्यासाठी फोनवर मिटमप्रॉक्सीचं प्रमाणपत्र टाकावं लागतं, पण अँड्रॉइड ७ पासून असं आपण टाकलेलं प्रमाणपत्र अ‍ॅप्स आपणहून मानत नाहीत. चाचणीसाठीच्या डिबग बिल्डच्या नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिग या सेटिंगच्या फाइलमध्ये तशी परवानगी द्यावी लागते. ते जमलं की दोन खाती काढा. पहिल्या खात्याचं टोकन, म्हणजे लॉगिननंतर मिळणारी ओळखीची खूण, तसंच ठेवून विनंतीतला नोंद क्रमांक १०४१ चा १०४२ करा, म्हणजे दुसऱ्या खात्याचा. नोंद आली? मग सर्व्हरने टोकन खरं आहे एवढंच पाहिलं, नोंद कुणाची ते पाहिलंच नाही. ओवास्प या सॉफ्टवेअर सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या एपीआय (सर्व्हरकडे डेटा मागायची ठरलेली वाट) धोक्यांच्या यादीत २०१९ आणि २०२३, दोन्ही वेळा हीच चूक पहिल्या क्रमांकावर आहे. दुसऱ्याच्या अ‍ॅपवर मात्र लेखी परवानगीशिवाय हे करू नका, अगदी कुतूहल म्हणूनही नाही.

क्लाउडच्या बाजूला, डेटा कुणाला वाचता-लिहिता येईल ते ठरवणाऱ्या नियमांची फाइल वाचायची सवय लावा. फायरबेस या गूगलच्या क्लाउड सेवेच्या टेस्ट मोडमध्ये डेटाबेस ३० दिवस कुणालाही वाचता-लिहिता येतो. ती मुदत पुढे ढकलत बसणारे पाहिले की मला खरंच काळजी वाटते, कारण आत माणसांची माहिती असते.

गोपनीयता हा वेगळा अभ्यास आहे. डेटा एन्क्रिप्ट केलाय, पण किल्ली सेवा देणाऱ्याकडेच असेल तर त्याला तो वाचता येतो. क्रॅश रिपोर्टमधून फोन नंबर बाहेर जातोय का? हवामान दाखवायला घराचा नेमका पत्ता कशाला लागतो? जो डेटा गोळाच केला नाही तो फुटत नाही, म्हणून डिझाइनच्या बैठकीत हे प्रश्न विचारायला कचरू नका. संशोधनाची ओढ असेल तर होमोमॉर्फिक एन्क्रिप्शन बघा: क्रेग जेंट्री यांनी २००९ मध्ये त्याची पहिली पूर्ण पद्धत मांडली. त्यात डेटा न उलगडताच त्यावर गणित करता येतं, फक्त वेग अजून आड येतो.

नोकरीसाठी याच सरावाचा रिपोर्ट लिहून ठेवा. ‘सुरक्षा कमकुवत’ असं मोघम नको. कुठली विनंती, कुणाचं टोकन, काय उत्तर आलं आणि सर्व्हरवर कुठे कोणती तपासणी हवी, ते लिहा. मुलाखतीत मी तरी आधी तेच वाचायला मागतो.